अनंतरावांची नळी

...आन् वर मलाच म्हणतो, "आभार कसले मानता काकासाहेब, शेजारधर्म आहे!" अरे, आभार कोण मानायलं? मी दात-ओठ खायलो होतो! तुम्हाला सांगतो, असा शेजारी दुश्मनालाबी मिळू नये. नाय नाय, मिळावा! दुश्मनालाच मिळावा! पण मी त्याला सोडणार नाय. सोडणार नाय म्हणजे नाय!

आता तुम्ही म्हणाल, झालं तरी काय? माझ्या दारात कागदी लिंबाचं झाड हाय. पाचोडच्या आमच्या मळ्यातलं रोप, बापानं सोत्ताच्या हातानं काढून दिलेलं. मी नोकरीपायी शहरात आलो, जमीन धाकट्या भावानं बघितली, रामकिसननं. तवापासून त्याचं एकच तुणतुणं, "दादा आता सायेब झाला, दादाला इचारा बरं खुरपं कोणत्या हातात धरत्यात!" मागल्या आखाजीला, अक्षय तृतीयेला, तर भर पंगतीत म्हणाला हो, पाहुण्यारावळ्यांत! हातातली पुरणपोळी पानात टाकली. तसाच उठलो आन् म्हणलं, "पुढच्या आखाजीला माझ्या एका झाडाची पोतंभर लिंबं घेऊन नाय आलो, तर बापाचं नाव लावणार नाय!"

भर उन्हाळ्यात, पोतंभर लिंबं! चेष्टा हाय का? पावसाळ्यात लिंबू कुणीबी आणंल. उन्हाळ्यात लिंबूवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत नाय. आन् लागतं कुठं नाय ते सांगा! सरबताला लिंबू, पोह्यावर लिंबू, नान-खलियावर पिळायला लिंबू, दुकानाला मिरच्यांसंगं टांगायला लिंबू, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू, आन् रातच्याला ज्याला जास्त झाली त्याला सकाळी लिंबू! उन्हाळ्यात ते धरायचं तर एकच विद्या... ताण! पावसाळा सरत आला की झाडाचं पाणी तोडायचं. पार तोडायचं! पानं मलूल होतात, गळायला लागतात, झाडाला वाटतं आता आपण मरतो, आन् मग पाणी दिलं की असं फुलतं, असं फुलतं... ह्याला म्हणत्यात हस्त बहार. काळीज घट्ट करावं लागतं. मी केलं. आमच्या घरचीला, मनकर्णाला, बजावलं, भांड्याचं खरकटं पाणीसुदिक तिकडं फेकायचं नाय.

पण पान काय सुकंना! वरून पाऊस नाय, खालून पाणी नाय, आन् झाड आपलं नवरदेवावानी टवटवीत! मला वाटलं, बापाच्या हाताचा गुण. मग एक दिवस सकाळी बघतो तर भिंतीवरून रबरी नळी आलेली आन् नळीच्या पल्याड, टाचा वर करून, आमचे शेजारी अनंतराव! कचेरीतून रिटायर झालेला माणूस, हाताला काम नाय, मग काय, आमच्या झाडावर दया!

"अनंतराव, ओ! हे काय करायलात?"

"केव्हापासून घालतोय हो. तुमचं लक्षच नाही झाडाकडे. मुका जीव, तहानलेला बघवत नाही."

"अहो, मी ताण द्यायलोय त्याला!"

"तहानेनं मारायचं आणि वर फळ मागायचं? छे छे, काकासाहेब, आमच्या घरात हे नाही बसत."

तुमच्या घरात? झाड कुणाच्या घरात हाय? मी हातापाया पडलो, भांडलो, नळी ओढून घेतली, तर मी कामावर गेल्यावर हा गडी बादलीनं घालायला लागला! झालं. पानंच पानं! शेळ्या पाळल्या असत्या तर धाल्या असत्या. फूल मात्र औषधाला नाय. तवाच कसम खाल्ली, ह्याला सोडणार नाय म्हणजे नाय!

आखाजी आली तोंडावर, चैत्राची अवस उजाडली. म्हणलं, आज. औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन एक लिंबू आणलं. विकत! दारात एवढं झाड, आन् बदला घ्यायलाबी लिंबू विकत आणायचं, ह्याच्यापरीस मोठी बेइज्जती हाय का? चिरलं नाय, नुस्तं कुंकू फासलं, टाचण्या टोचल्या, आन् तिन्हीसांजेला अनंतरावाच्या दारात ठेवून आलो. आता बस बोंबलत! आता बघतो कसा गोड घास उतरतो तो!

दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत फाटकापाशी उभा, आत रडारड कधी होते म्हणून कान लावून. आवाजच नाय. घसा कोरडा पडला माझा. तेवढ्यात अनंतराव बाहेर, "अहो, उन्हात काय उभे? या की!" म्हणलं, चला, घाबरलेला जवळून बघू. बसलो. दमयंतीवहिनींनी सरबत आणलं, गारेगार, मोठा पेला. एका दमात रिकामा केला. "वा वहिनी, फक्कड!"

"होणारच!" अनंतराव म्हणले. "काल कुणी भल्या माणसानं दारात लिंबू ठेवलं होतं, चांगलं कुंकूबिंकू लावून. एवढ्या टंचाईत! धुऊन घेतलं झालं. टाचण्याही हिच्या शिवणाच्या डब्यात गेल्या."

मी रिकाम्या पेल्याचा तळ निरखला. म्हणलं, "आन्... तुम्ही नाय घेतलं?"

"आम्हा दोघांना साखर वर्ज्य आहे हो. सगळं तुम्हालाच केलं."

घरी आलो तर मनकर्णा कपाळ बडवायला लागली, "आवं, सोत्ताचा उतारा सोत्ताच पिऊन आलात व्हय!" आता निघालोय पाचोडला. पोतं नाय, पिशवी नाय, हात हलवत. तिथं ती बाधा काढायला रामकिसन माझ्यावरून लिंबू उतरवणार, त्याच्या झाडाचं! त्यापरीस उतारा लागून मेलेलं बरं.

आन् आत्ता निघताना बघतो तर भिंतीवर नळी!

"निर्धास्त जा, काकासाहेब. महिनाभर राहा. मी आहे तोवर या झाडाचं एक पान सुकू देणार नाही, कधीच नाही!"

उतारा पोटात, गाडीची वेळ झालेली, मनकर्णा मनगट धरून ओढायलेली... आन् माझ्याच तोंडून निघून गेलं हो, "लई आभारी हाय."