बाल्कनीजवळचं बटण

शर्मिला : तो स्क्रू-ड्रायव्हर इकडे द्या.

रंगनाथ : का? माझे हात काय गहाण पडलेत?

शर्मिला : थरथरतायत. मंगळवारी स्क्रू हातातून निसटला तो कपाटाखाली गेला. अजून सापडलेला नाही.

रंगनाथ : त्या दिवशी चहा जास्त झाला होता.

शर्मिला : दिवाळीपासून चहाच जास्त होतोय? अहो, निशाला कळलं तर त्याच दिवशी टेम्पो पाठवेल. म्हणेल, 'चला बाबा, कोथरूड पुरे झालं, आता आमच्याकडे बाणेरला.'

रंगनाथ : म्हणूनच लेकीला कळू द्यायचं नाही. रविवारी नातू येतोय. आमोद हल्ली धरून उभा राहतो आणि दिसेल ते बटण दाबतो. हे बाल्कनीजवळचं तर खालीच आहे आणि फुटलंय, आतलं पितळ दिसतंय. बाल्कनी बंद करून दिवा काढला तेव्हाच हेही काढायला हवं होतं.

शर्मिला : मग इलेक्ट्रिशियनला पुन्हा फोन करू?

रंगनाथ : तो 'आलोच काका' म्हणालाय. म्हणजे येणार नाही. आणि या घराच्या वायरिंगला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही.

शर्मिला : आज मी लावणार. तुम्ही सांगा, मी करते. निशाला सांगू, बाबांनीच केलं. मग तर झालं?

रंगनाथ : नक्की असंच सांगशील?

शर्मिला : नक्की.

रंगनाथ : बरं. बांगड्या काढ. पायात रबरी चप्पल हवी, कोरडी.

शर्मिला : दोन्ही झालंय. आता टेस्टर द्या, आधी चालू पॉइंटवर लावून बघते.

रंगनाथ : चालू पॉइंटवर कशाला?

शर्मिला : टेस्टरच बिघडला असेल तर सगळीकडे करंट नाही असंच दाखवेल. हा पेटला बघा. चांगला आहे.

रंगनाथ : हे कुणी शिकवलं तुला?

शर्मिला : लग्न झाल्यापासून तुमच्याशेजारी टॉर्च धरून उभी आहे मी. कान काही बंद नव्हते. आज टॉर्च तुम्ही धरा, दारामागे अंधार आहे.

रंगनाथ : धरला. मेन बंद कर.

शर्मिला : केला. फ्रिज थांबला, ऐकू येतंय का?

रंगनाथ : येतंय. आता प्लेटचे स्क्रू काढ आणि सावकाश पुढे ओढ. शाब्बास. घे वायर सोडवून.

शर्मिला : थांबा.

रंगनाथ : आता काय? मेन बंद आहे, फ्रिज बंद आहे, मुहूर्त बघायचाय का?

शर्मिला : मेन बंद असला तरी हात लावण्याआधी टेस्टर. तुम्हीच म्हणता ना? ... अहो, पेटतोय.

रंगनाथ : काहीतरीच. शक्यच नाही.

शर्मिला : स्वतः बघा.

रंगनाथ : हात मागे घे! शर्मिला, मागे हो आधी!

शर्मिला : मागेच आहे मी. ओरडू नका. मेन बंद असताना करंट येतोय कुठून?

रंगनाथ : इन्व्हर्टर. लाइट गेली तरी बाल्कनीत उजेड असावा म्हणून मीच हा पॉइंट त्याच्यावर घेतला होता. मेन बंद केला की तो आपोआप सुरू होतो. मीच जोडला आणि मीच विसरलो.

शर्मिला : होतं असं.

रंगनाथ : नाही होत. मी एकटा असतो तर टेस्टर लावलाच नसता. थेट वायरीला हात घातला असता, तोही हा असला हात.

शर्मिला : घातला नाहीत ना? मग इन्व्हर्टर बंद करून या. मेन तसाच बंद राहू दे.

रंगनाथ : केला. आता बघ.

शर्मिला : नाही पेटत. टेस्टर मघाशी चांगला होता, म्हणजे वायरच मेली. दोन वायरी निघाल्या.

रंगनाथ : आता त्या एकत्र पिळून टेप लाव.

शर्मिला : परीक्षा घेताय?

रंगनाथ : घेतोय.

शर्मिला : एकत्र पिळल्या तर बाल्कनीतल्या दिव्याच्या वायरीत कायम करंट राहील. दोन्ही वेगवेगळ्या बंद करायच्या. प्रत्येकीला आपला कनेक्टर, वरून टेप. दिव्याकडचं टोकही तसंच.

रंगनाथ : पैकीच्या पैकी. हात बघ तुझा. जरासुद्धा हलत नाही.

शर्मिला : शिवणकामाचा हात आहे. झालं. बटणाच्या जागी ही कोरी पट्टी बसवते. आता आमोदला काय दाबायचं ते दाबू दे.

रंगनाथ : कंपनीत मेंटेनन्सला आयुष्य काढलं मी. असं स्वच्छ काम फार थोड्यांचं पाहिलं. खरंच सांगतो.

शर्मिला : पुरे. चष्मा पुसा तुमचा.

(फोन वाजतो.)

शर्मिला : निशा आहे. स्पीकरवर ठेवते. ठरलंय ते लक्षात आहे ना? तुम्ही केलंत.

निशा : बाबा, ते बाल्कनीजवळचं बटण राहिलंय ना? योगेशला पाठवू का?

रंगनाथ : जावयाला त्रास नको. निघालं ते.

निशा : अरे वा! अजून सगळं जमतंय की तुम्हाला!

रंगनाथ : मला नाही. तुझ्या आईनं काढलं. मेन बंद असूनही करंट होता, तो तिनं पकडला. मी आपला 'घे सोडवून' म्हणत होतो.

निशा : आईनं? मग तुम्ही काय करत होतात?

रंगनाथ : मी टॉर्च धरला होता. ... तोही हलत होता, निशा.