परातीवरचं नाव

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये गाडी तपासणीला देऊन बसलो होतो. शेजारी एक बाप आणि त्याची लेक बसली होती. त्यांची घरी बांधलेली टू-सीटर कार काचेपलीकडे उभी होती, सायलेन्सरचा पाइप बाहेरून दाराखाली.

"बाबा, सायलेन्सरच्या पाइपवर 'सौ. सुलक्षणा' लिहिलंय. आईची परात कापलीत?"

"हो. पाइपवर कव्हर नसेल तर पास करत नाहीत, अंतरा. उतरताना पाय भाजतो."

"अहो, पण रेडीमेड मिळतं की! लग्नातली परात होती ती."

"ट्रायलच्या दिवशी तिची पोटरी भाजली. म्हणाली, आधी यावर काहीतरी बसवा, मग मी बसेन."

"मग?"

"मी म्हटलं, इन्स्पेक्शनच्या वेळी बसवू, घाई काय आहे."

"मला कधी बोलली नाही."

"पुन्हा बसलीच नाही गं. रोज कपडा घेऊन गाडी पुसायची फक्त. मग हॉस्पिटल, आणि खलास."

"बाबा, रडू नका ना. लोक बघतायत."

"बघू दे."

"निदान नाव तरी आतल्या बाजूला करायचंत."

"आतली बाजू तापते."