बांधावरची सीट

घणसोलीत घासलेटच्या रांगेत माझ्यापुढे कान्हा आणि त्याची धाकटी बहीण गोजरा उभे होते. दोघांच्या सारख्याच सायकली भिंतीला टेकलेल्या.

"नाक्यापासून पहिलं कोन आलं दादा? मोठ्यानं सांग."

"तूच. काल पन तूच."

"काल बोललास, 'गोजरा, तुझी सायकल पलते, माझी वढावी लागते.' म्हनून आज बदलून घेतल्या. तुझी मी चालवली."

"तेच तर कलत नाय. दोन्ही एकाच दुकानातल्या."

"माझी घेतल्यावर पहिलं काय केलंस?"

"सीट खाली घेतली. पाय टेकायला नको?"

"आनि?"

"हवा थोडी सोडली. टाइट चाक मिठागराच्या बांधावर रुततं."

"मी तुझी सीट वर केली, टिच्चून हवा भरली. दादा, बांध कुठं हाय आता? मिठागर बुजवलं, डांबर पडलं. तू अजून बांधावरच चालवतोस!"

"हसू नको. लोक बघतात."

"बघू देत. पैज काय होती?"

"तू जिकलीस तर तू रबाळ्याच्या कंपनीत कामाला सायकलनं जायचं, आनि बाबाला मी सांगायचं."

"मग?"

"सांगतो. पोरगी दमंल बोलतो ना बाबा? त्याला सांगतो, मीच दमलो. पन आधी सीट वर घ्यायला पाना बघ कोनाकडं हाय."

"हा घे. सकालपासून पिशवीत घेऊन फिरते."