पत्र कुणाच्या नावानं

नणंद: तू आमच्या शर्टांच्या कारखान्यात लागलीस की माझा फायदाच फायदा. जाता-येता बोलायला माणूस, जेवणाच्या सुट्टीत तुझा डबा, आणि मुख्य म्हणजे दिवसभर तुला मनसोक्त ओरडता येईल. घरी आई मध्ये पडते.

भावजय: आधी लागू तर दे, ताई. आज शेवटचा दिवस, आणि पत्राची पहिली ओळच जमत नाहीये.

नणंद: वाच बघू.

भावजय: 'तीर्थरूप ताईंस, साष्टांग नमस्कार.'

नणंद: अगं, नोकरी मागतेयस की माहेरी जायची परवानगी?

भावजय: सासूबाई म्हणाल्या, मोठ्या नणंदेला असंच लिहायचं. हे म्हणाले, नुसतं 'ढमे' लिही, ओळखेल ती.

नणंद: येऊ दे त्याला घरी! खोड ते.

भावजय: मग 'संबंधितांस'?

नणंद: मुळीच नको. असलं पत्र टेबलाटेबलांवरून फिरतं, ज्याला त्याला वाटतं दुसऱ्याचं आहे. शेवटी त्यावर चहाचे कप ठेवतात. उघडणाऱ्याचं नाव हवं, हुद्दा हवा. लिही माझं पूर्ण नाव, खाली 'प्रमुख, शिवणखातं'. मग 'महोदया'.

भावजय: महोदया! परवा चादरीची घडी वाकडी म्हणून मला झापलंत, त्याच ना महोदया?

नणंद: हसवू नकोस गं, ठसका लागतो. हं, विषय?

भावजय: 'तपासनीस या जागेसाठी अर्ज.'

नणंद: पॅकिंगची ना जागा? ती माझ्याच हाताखाली येते.

भावजय: छे! लग्नाआधी मी तपासणीच करत होते. घरी बसून डोळे गंजले माझे. मला हीच जागा हवीय.

नणंद: म्हणजे शर्टांतल्या चुका काढणार तू. कुणी शिवलेल्या शर्टांतल्या?

भावजय: तुमच्या खात्यानं... अगं बाई!

नणंद: दात काढू नकोस.

भावजय: नाही काढत. पण मग हे पत्र तुमच्या नावानं कसं चालेल?

नणंद: न चालायला काय झालं? माझ्याकडे येईल, माझ्या खणात पडेल. खण चांगला खोल आहे.

भावजय: ताई! तपासणीच्या साहेबांचं नाव सांगा.

नणंद: आठवत नाहीये.

भावजय: समोरच्या टेबलावर बसतात ते! त्यांच्या शिंकण्याची नक्कल करून दाखवता की आम्हाला!

नणंद: शिंकेवर कुठे नाव लिहिलेलं असतं?

भावजय: ताई, थट्टा पुरे. ही गेली तर अशी जागा पुन्हा कधी निघेल, कोण जाणे.

(नणंद कागद ओढून घेते, आपल्या नावावर काट मारते आणि वर दुसरं नाव लिहिते.)

नणंद: घे. हे नाव, हा हुद्दा. आता कोऱ्या कागदावर तुझ्या अक्षरात उतरव. आणि माझी ओळख कुठेही सांगू नकोस. कॉलरी वाकड्या म्हणून कालच माझा अख्खा गठ्ठा परत धाडलाय त्यांनी.

भावजय: आणि मी लागले, नि मलाही त्या वाकड्या दिसल्या तर?

नणंद: तर परत धाड.

भावजय: खरंच?

नणंद: नोकरी तुझी, उसवणं माझं. उतरवून झालं की पाकीट दे, कचेरी बंद व्हायच्या आत मीच नेऊन देते.