विरळ हवा

रमाकांत : माझं ती ऐकणार नाही. तूच सांग. तू बी.एस्सी. झालेली, शाळेत सायन्स शिकवतेस. सुनेचं नाही, पण मास्तरणीचं ऐकेल.

शकुंतला : काय सांगू? ‘आई, पाडवा झाला की आम्ही देहरादूनला माझ्या भावाकडे जाणार, तुम्ही घरी राहा’?

रमाकांत : असं तोंडावर कशाला? सांग, की गाव हिमालयात आहे, उंचावर. हवा विरळ. म्हातारपणी छातीला सोसत नाही.

शकुंतला : अहो, देहरादून पायथ्याला आहे. आपलं बुलढाणं जेवढं उंच, जवळपास तेवढंच.

रमाकांत : हे आईला कोण सांगायला येणार आहे?

शकुंतला : मला माहीत आहे ना.

रमाकांत : मग पुण्याचंही आठव. तुझ्या अण्णाच्या मुलाची मुंज, एवढी मोठी पंगत, आणि आमच्या मातोश्री वहिनींना हाक मारतात, ‘ए पोट्टी!’ सगळी पंगत हसली.

शकुंतला : तुम्हीही हसलात.

रमाकांत : आणि तू? पदर तोंडाशी धरून खोकत होतीस का?

शकुंतला : नाही. हसतच होते.

रमाकांत : आता त्याच वहिनींच्या घरी राहायचंय. आजूबाजूला सगळे अण्णाचे वरिष्ठ. हे बघ, नागपूरचे साहेब होते तोवर कचेरीत मी ‘मले-तुले’ म्हणालो तरी चालायचं. महाराष्ट्र झाला, पुण्याचे साहेब आले. जीभ वळवताना काय काय ऐकून घेतलं ते माझं मला ठाऊक. ते हसू आता मला पुन्हा नको. दुपारच्या बसने मी नांदुऱ्याला जातो, गाडीच्या रिझर्व्हेशनला. त्याआधी सांगून टाक.

(रमाकांत कचेरीत जातो. थोड्या वेळाने रुखमाबाई अंगणातून वाळवणाचं सूप घेऊन आत येतात.)

रुखमाबाई : ह्या शेवया तुह्या वहिनीले. अन् कुरडया पोराइले. येवढ्या दूर जाईपर्यंत चुरा तं नाही होणार ना वं?

शकुंतला : आई, बसा जरा.

रुखमाबाई : बसाले येळ कुठं हाये? थे शेजारची तानाबाई इचारून राह्यली, हिमालयात बरफ घरात येते काय म्हून. मी म्हनलं, पाहून आली का सांगन. तिच्या पोटात दुखून राह्यलं, दुसरं काय!

शकुंतला : आई, देहरादून उंचावर आहे. उंचावर हवा विरळ असते.

रुखमाबाई : इरळ म्हंजे?

शकुंतला : पातळ. कितीही श्वास घेतला तरी पुरत नाही. तुमच्या वयाला त्रास होईल.

रुखमाबाई : मोताळ्याहून बस घाट चढते तवा माह्या कानात दडे बसते. तसं?

शकुंतला : त्याहून जास्त.

रुखमाबाई : पुस्तकात हाये असं?

शकुंतला : उंचावर हवा विरळ असते, हे पुस्तकात आहे.

रुखमाबाई : मंग असन. बरं झालं माय, आधी सांगतलं. तिथं जाऊन माह्यापायी तुमचे हाल झाले असते. शेवया तेवढ्या न्या. अन् कुमुदले ठेवा माह्यापाशी.

शकुंतला : कुमुदला? ती कशी राहील?

रुखमाबाई : कशी म्हंजे? माघात पोरीची छाती भरली होती. खांद्यावर घेऊन बसली होती मी, आडवी झाली का दम कोंडे तिचा. अन् तू तिले पातळ हवेत घेऊन जाऊन राह्यली?

शकुंतला : तिला काही होणार नाही.

रुखमाबाई : म्हातारीले होते अन् सहा वर्साच्या पोरीले होत नाही? हे बी पुस्तकात हाये?

शकुंतला : लहान मुलांना एवढं...

रुखमाबाई : तू माय हाये का कोन वं! पोरगी जाणार नाही. रमाले मी सांगन. अन् तुम्ही बी कायले जाता? तुह्या भावालेच म्हन, लेकरं घेऊन इकडं या, चांगल्या हवेत.

शकुंतला : आई, तिथली हवा चांगली आहे.

रुखमाबाई : आत्ता तं पातळ म्हनली.

शकुंतला : देहरादून आपल्या बुलढाण्याएवढंच उंच आहे. इथे जसा श्वास पुरतो तसाच तिथे पुरेल. कुमुदलाही. आणि तुम्हालाही.

रुखमाबाई : मंग मले काऊन...

शकुंतला : मी खोटं सांगितलं.

रुखमाबाई : रमानं सांगाले लावलं?

शकुंतला : बोलले ती मीच.

रुखमाबाई : पुण्याच्या पंगतीचं असन. तुह्या वहिनीले पोट्टी म्हनलं होतं म्या.

शकुंतला : हो.

रुखमाबाई : मले वाटलं, तुम्ही इसरले. आमच्याकडं लेकीले म्हनते तसं म्हनलं वं. सकाळपासून वाढून राह्यली होती थे. साऱ्याइचं पान पाहे, अन् तिचं तोंड हे असं सुकलेलं. म्हून हाक मारली, का बाई, तू जेवली काय. तर तुम्ही सारे हसले. तवा समजलं का काहीतरी चुकलं. काय चुकलं, थे कोनी सांगतलं नाही.

शकुंतला : तुमचं काही चुकलं नव्हतं.

रुखमाबाई : हे तवा सांगाचं होतं.

शकुंतला : हो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

रमाकांत : (कचेरीतून घाईने आत येत) शकू, माझी पिशवी कुठे आहे? बस लागली असेल. आई, सांगितलं ना हिने? मग तीनच तिकिटं काढतो.

शकुंतला : चार काढा.

रमाकांत : अगं, पण आईची छाती...

शकुंतला : आईंच्या छातीला काही होत नाही. चार काढा.

रुखमाबाई : तीन काढ रमा. मले नाही जमत येवढं दूर.

रमाकांत : बघ! तिलाच नकोय, आणि तू उगाच आग्रह करतेस. आई, तुला पुढच्या वर्षी नाशकाला नेतो. नक्की. निघतो मी. कुमुदला ऊन लागू देऊ नका. येतो बरं, माय.

रुखमाबाई : सावकाश जाय. (रमाकांत जातो.)

शकुंतला : तुम्ही त्यांना काहीच का बोलला नाहीत?

रुखमाबाई : माय म्हनला. आइकलं तू? कचेरीत पुण्याचे साहेब आले तवापासून आईच म्हने.

शकुंतला : मी काय विचारतेय, आई?

रुखमाबाई : काय बोलू? बस सुटली असती. बाहीर निंगालेल्या लेकराचं तोंड कायले उतरवाचं?

शकुंतला : मलाही काही बोलला नाहीत.

रुखमाबाई : तुहं तं मघाच उतरलं हाये. घे, सूप धर. शेवया डब्यात भर, वल्ल्या हातानं नको.

शकुंतला : तानाबाई विचारतील. त्यांना मी सगळं खरं सांगणार आहे.

रुखमाबाई : नको वं माय! साऱ्या गल्लीत माह्या पोराले नावं ठेवतीन.

शकुंतला : मग काय सांगू?

रुखमाबाई : सांग, म्हातारीचंच मन नव्हतं.