भाजलेल्या वाळूची थैली

मी रामटेकची. गडाच्या पायथ्याशी आमच्या बापाची फुटाण्याची भट्टी होती. चणे भाजाचे तर वाळू लागते, आणि वाळू कशी पाहिजे हे मले शाळेच्या आधी समजलं. चवथीपर्यंत शिकली, मग बापानं झारा हाती दिला. कन्हान नदीची वाळू आणाची, चाळाची, धुवाची, वाळवाची, मग कढईत भाजाची, इतकी की मुठीतून पाण्यासारखी सांडली पाहिजे. ओल राहिली तर दगड होते, बाप म्हणे.

लग्न करून नागपूरले आली. आमचा बुढा, तेव्हा जवानच होता, बंदुकीच्या क्लबात चौकीदार. धरमपेठेतले साहेब लोक रविवारी निशाणा माराले येत. पाकिस्तानची लढाई झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिथला सेक्रेटरी साहेब बुढ्याले म्हणे, तुझी बायको शिवते ना गा, मले बंदुकीखाली ठेवाले थैल्या पाहिजे, विलायती लय महाग पडते. एक समोर नळीच्या लाकडाखाली, एक मागं खांद्याले टेकते त्या दस्त्याखाली, मागचीले सशासारखे दोन कान, दस्ता त्या कानांच्या मधात बसला पाहिजे. बंदूक केसभर वर-खाली कराची तर ती थैली मुठीनं दाबाची.

बुढ्याच्या जुन्या खाकी पँटचा पाय कापला, दुहेरी शिवण मारली. पहिल्यांदा मी गाढवपणा केला, हलकी राहील म्हणून तांदळाची कणी भरली. आठ दिवसांत उंदरांनी कान खाल्ले. साहेब म्हणे, बाई, सशाचं पोटच राहिलं. मग मी चुलीवर कढई ठेवली आणि बापासारखी वाळू भाजली. सासू म्हणे, काहून वं, वाळूच भाजून राहिली, चणे कुठं आहेत? मी म्हटलं, फुटाणे क्लबात फुटतील.

कान बरोबर बसले का हे पाहाले मले बंदुकीमागं सतरंजीवर पालथं पडा लागलं, लुगड्यात. बंदुकीवरच्या नेमाच्या भोकातून पाह्यलं तर दूर निशाण्याच्या कागदावर तो काळा ठिपका, एकदम स्थिर. काय सांगू तुम्हाले बाई, घरात सारं हलतच राहे, कोणी हाक मारे, काही उतू जाये, आणि हा ठिपका माझ्यासाठी थांबून राहिला होता. मी तिथंच साहेबाले म्हटलं, थैली पास झाली तर एक गोळी मले माराची. तो म्हणे, एक काय, दोन मार.

थैली पास झाली. साहेबानं पाच गोळ्या मारल्या, पाचही भोकं रुपयाखाली झाकतील अशी. कागद साऱ्यांले दाखवत फिरला. मी बाजूले उभी. म्हटलं, साहेब, माझी गोळी. तो म्हणे, कोणती गोळी बाई, डोकेदुखीची? सारे हसले. त्याचं काही नाही, साहेब लोक हसतच राहते. पण आमचा बुढाही हसला, आणि मले म्हणे, चल वं, रामटेकची आहेस, टेका देणं तुझं काम, निशाणा नाही.

शिवण उसवली असं सांगून मी थैली उचलली, घरी आणली, परत दिली नाही. साहेबानं सहा नव्या मागितल्या. बुढा मागं लागला, मी शिवल्या, तेच माप, तीच शिवण. फक्त वाळू धुतली नाही आणि भाजली नाही, मातीसकट दमटच भरली. पावसाळ्यात ढेकळं झाली, बंदूक वर टिके ना. साहेब म्हणे कापड खराब आहे. कापड बदललं, मग शिवणारा बदलला. वाळूचं कोणी विचारलं नाही. आणि आमचा बुढा, मरेपर्यंत माझ्या हातचे फुटाणे खाल्ले त्यानं, मी वाळू भाजतो हे रोज समोर पाह्यलं, त्याच्याही डोक्यात आलं नाही. मीही सांगितलं नाही.

ती थैली आता दाराले लावतो, वाऱ्यानं आपटते म्हणून. दाबून पाहा, अजून मोकळी आहे ना? तुमची पोट्टी बंदूक चालवते म्हणता, चांगलं झालं, हात स्थिर राहो तिचा. तिच्यासाठी दुसरी शिवून देतो, वाळूही भाजून देतो. ही नाही देत. आणि मले एक गोळी मारू देईन असं तिनं म्हटलं तर तसा शब्द देऊ नको म्हणा. मोतीबिंदू आहे मले, ठिपका दिसत नाही आता.