आबाची कागदी चंची

दुकानातली कार्डं मला दाखवू नका, राव. कार्ड करावं तर आमच्या वहिनीनं! पंचावन्न-छप्पन सालची संक्रांत असेल. आमचा दादा शेती सोडून पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला, म्हणून त्याचा जिवलग दोस्त तुकाआबा वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हता. दादाही तसलाच हट्टी.

वहिनी दरवर्षी तिळगुळासोबत द्यायला हातानं कार्डं करायची. म्हणाली, "फुलं-पोपट बायकांना. बाप्यांना त्यांचं कायतरी पायजे." आबासाठी तिनं जाड कागदाची चंची केली. खऱ्या चंचीसारखेच कप्पे. एकात पान, एकात कात-सुपारी, एकात तंबाखू, शेवटच्यात तिळगूळ. वर लिहिलं, 'गोड बोला.'

दादा आणि मी ती घेऊन गेलो. दादानं न बोलताच पुढं केली. आबानं उलटीपालटी करून बघितली, पान काढलं, सुपारी काढली आणि मग सगळे कप्पे पुन्हा चाचपले.

"आरं, चुना कुठं हाय?"

दादानं खिशातली आपली चुन्याची डबी काढून दिली. मग काय, दोघं दुपारपर्यंत ओट्यावरच गप्पा मारत बसले!

घरी येऊन मी म्हणालो, "वहिनी, चुना तेवढा घालायचा राहिला की."

"राहिला न्हाई, भावजी. त्यो तुमच्या भावाच्या खिशात हुता!"